तुरटीने काय निघते, आणि ते जाते कुठे?

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवणे आपल्या भंडाऱ्यात कुणाला शिकवावे लागत नाही. गाळ खाली बसतो, पाणी नितळते. पण नितळ म्हणजे शुद्ध का? आज आपण एवढंच पाहू.

नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हान-वैनगंगेला मिळते आणि गोसेखुर्दच्या जलाशयात येते. सांडपाण्यातला फॉस्फरस मलमूत्रातून, साबण-पावडरीतून येतो. तो विरघळलेला असतो, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते त्याचं फळ: शेवाळ, जलपर्णी. ती कुजली की पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासळी मरते आणि ढिवराचे जाळे रिकामे येते.

मग उपाय? शुद्धीकरण प्रकल्पात अ‍ॅल्युमिनियम सल्फेट किंवा फेरिक क्लोराइड घालतात. घरची तुरटी याच कुळातली. अ‍ॅल्युमिनियम विरघळलेल्या फॉस्फेटला धरते, न विरघळणारा कण तयार होतो, कणांचे पुंजके होऊन तळाशी बसतात.

हिशोब करून बघू. लिटरमागे 5 मिलिग्रॅम फॉस्फरस धरला, तर 10 लाख लिटरमध्ये 5 किलो झाला. कागदावर त्याला सुमारे 48 किलो अ‍ॅल्युमिनियम सल्फेट पुरते. प्रत्यक्षात दीडपट-दुप्पट लागते, कारण पाण्याचा आम्लपणा-अल्कपणा आणि इतर घटकही त्यात वाटा मागतात.

आता खरा प्रश्न. आपण ‘फॉस्फरस काढून टाकला’ म्हणतो. काढला, हे खरं. पण टाकला कुठे? नायट्रोजनचा वायू करून हवेत सोडता येतो, फॉस्फरसला ती वाट नाही. पाण्यातला तो गाळात गेला, एवढंच झालं. तो गाळ नदीकाठी पडला, तर पहिल्या पुरात परत नदीत. लोखंडाने बांधलेला फॉस्फरस तर तळाशी ऑक्सिजन संपला की पुन्हा सुटतो. शेतात टाकावा म्हटलं, तर अ‍ॅल्युमिनियमने घट्ट धरलेला फॉस्फरस धानाच्या मुळांना सहज मिळत नाही.

म्हणजे तुरटी निरुपयोगी का? मुळीच नाही. जलाशय वाचवायचा तर ती हवीच. पण प्रकल्प मागताना आपण दोन प्रश्न विचारू या: बाहेर पडणाऱ्या पाण्यात फॉस्फरस किती? आणि गाळ कुठे जाणार? दुसऱ्याचे उत्तर नसेल, तर पहिल्याचे उत्तर अर्धेच समजा.