गरम वाफा आणि वनस्पतींच्या गोळ्या

भुशी धरणाची गर्दी ज्या लोणावळ्यातून जाते, त्याच गावात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली आणि नौली ही योगक्रिया करताना पोटातला दाब किती उतरतो हे उपकरण लावून मोजलं. परंपरा मानणाऱ्या माणसानेच तिला प्रयोगशाळेत नेलं. पाळी जाताना अंगातून निघणाऱ्या वाफांवर शतावरी, सोयाबीन, ब्लॅक कोहॉश या वनस्पतींच्या ज्या गोळ्या खपतात, त्यांनाही हीच कसोटी लावायला हवी. कारण या त्रासात ‘गोळी घेतली आणि गुण आला’ हा पुरावा फार कच्चा असतो. इस्ट्रोजेन घटलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं आणि जराशा उष्म्यानेही घाम फुटतो; पण हा त्रास आपोआप चढतो-उतरतो, आणि औषध नसलेल्या गोळीनेही अनेकींना उतार पडतो. जवसाचंच बघा. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत १८८ स्त्रियांपैकी काहींना रोज जवसाची वडी दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी, पण जवस नसलेली. दोन्ही गटांत एक तृतीयांशाहून थोड्या अधिक स्त्रियांचा त्रास निम्म्यावर आला! जवसाची चटणी खुशाल खावी, पण चवीसाठी.

सोयाबीनची बाजू त्यातल्या त्यात बरी. ६२ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१६च्या आढाव्यात सोयाबीनमधल्यासारख्या वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनमुळे दिवसाकाठी येणाऱ्या वाफा सरासरी साधारण सव्वाने कमी झाल्या, रात्रीच्या घामात मात्र फरक पडला नाही. ब्लॅक कोहॉश ३५१ स्त्रियांच्या वर्षभराच्या चाचणीत निष्प्रभ ठरलं. तिथे गुण दिसला तो हार्मोनच्या गोळीचा. शतावरी सह्याद्रीतलीच, ओळखीची. पण तिच्यावरचे अभ्यास लहान आणि थोड्या काळाचे आहेत.

‘बरं वाटतंय ना, मग कशाने का असेना’ हा आक्षेप रास्त आहे. पण गोळीचे पैसे दरमहा जातात, आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असंही नाही. ब्लॅक कोहॉश घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईने तर कोणताही वनस्पतिजन्य अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. शिवाय या नादात हार्मोनसारखा खरा उपचार लांबतो. हार्मोनची धास्ती २००२च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासातून पसरली. पण त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला फायदा सहसा धोक्याहून जास्त, असं आज तज्ज्ञ मानतात. ज्यांना हार्मोन चालत नाहीत त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत, विचारांची सवय बदलणारी मानसोपचार पद्धतही आहे. अमेरिकेतल्या रजोनिवृत्तीतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३मध्ये या दोन्हींची शिफारस केली, वनस्पतींच्या गोळ्यांची केली नाही. आणि लोणावळ्याला जरा झोंबेल, पण वाफांसाठी योगाचीही केली नाही.