पदविकेनंतर पदवी: वाट कशी निवडावी

आजचा विषय वरवर पाहता प्रवेश-प्रक्रियेचा आहे. तंत्रनिकेतनातली तीन वर्षं संपली, हातात पदविका आली, आता पदवीकडे जायचं तर कोणत्या वाटेनं? यात तत्त्वज्ञानवाल्यांनी कशाला पडायचं, असं कुणी म्हणेल. पण जरा खोलात गेलं की याच्या पोटात एक जुनाच प्रश्न सापडतो. माणसाला जे करता येतं, ते त्याला 'माहीत आहे' असं आपण म्हणतो का? आणि विद्यापीठ त्यातलं किती जमेस धरतं?

गिल्बर्ट राइल नावाचे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ होते. 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या 1949 सालच्या ग्रंथात त्यांनी एक फरक मांडला. 'अमुक असं आहे' हे माहीत असणं वेगळं आणि 'अमुक कसं करायचं' हे माहीत असणं वेगळं. त्यांचं म्हणणं असं की दुसरं ज्ञान पहिल्यापासून निघत नाही, ते आपल्या पायावर उभं असतं. लेथवर काम करणारा मुलगा आधी मनात नियम म्हणतो आणि मग हात चालवतो, असं काही होत नाही. त्याचा हातच हुशार झालेला असतो.

आता आपल्याकडे काय होतं बघा. पदविकेत हा हुशार हात तयार होतो. कार्यशाळा, प्रात्यक्षिकं, औद्योगिक प्रशिक्षण, सगळं त्यासाठीच. विद्यापीठ मात्र मुख्यतः सांगता येण्याची परीक्षा घेतं: सिद्ध करा, व्युत्पत्ती द्या, गणितानं दाखवा. म्हणून पदविकेनंतर पदवीकडे जाणं हे पायरी चढण्यापेक्षा पूल ओलांडण्यासारखं आहे. वाट निवडताना 'कोणती जवळची' हे नंतर बघू. या पुलाची कोणती फळी आपल्या पायाखाली नाही, हे आधी तपासायला हवं.

सगळ्यांत वर्दळीची वाट म्हणजे थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकी, मुलांच्या भाषेत 'डायरेक्ट सेकंड इयर'. महाराष्ट्रात तिला वेगळी प्रवेश परीक्षा नाही. पदविकेच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते, कॅपच्या फेऱ्या होतात, खुल्या गटाला किमान 45 टक्के आणि राखीव गटांना 40 टक्के लागतात. शेजारी कर्नाटकात आणि तेलंगणात अशा प्रवेशासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. आपल्या मुलांना हे सुख वाटतं, आणि एका अर्थी आहेही. पण परीक्षेचा एक अप्रत्यक्ष फायदा असतो, तिच्या निमित्तानं मुलगा गणिताचं पुस्तक उघडतो. आपल्याकडे ते निमित्त नाही.

इथं थोडं थांबू, कारण बरीच मुलं इथंच अडखळतात. पदविकेत गणित असतं ते बहुधा पहिल्या वर्षी. त्यानंतर दोन वर्षं मुलगा मशीन, सर्किट, सर्वेक्षण, कोडिंग यांत असतो. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात तो जाऊन बसतो तेव्हा बहुतेक शाखांत समोर येतं एम-थ्री, म्हणजे गणित तीन: लाप्लास रूपांतर, फूरिए, अवकल समीकरणं. ते ज्यावर उभं आहे ते आंशिक अवकलन, बहुसमाकलन, आव्यूहांची कोटी आणि आयगेन मूल्यं, हे सगळं पहिल्या वर्षात झालेलं असतं. आणि पहिलं वर्ष तर आपण वाचवलंय! म्हणजे वर्ष वाचलं, पण त्या वर्षाचा अभ्यास काही कुणी माफ केलेला नाही. त्यात भर अशी की थेट द्वितीय वर्षाच्या फेऱ्या बऱ्याचदा लांबतात आणि मुलं पोचतात तोवर वर्ग सुरू होऊन काही आठवडे गेलेले असतात.

मग पहिल्याच सत्रात केटी लागते. घरी वाक्य ठरलेलं असतं: 'डिप्लोमाला पंच्याऐंशी टक्के होते, आता काय झालं याला?' काही झालेलं नसतं. त्याच्या एका प्रकारच्या ज्ञानाला पंच्याऐंशी टक्के होते आणि आता दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानाची परीक्षा आहे. पण मुलगा हे असं वाचत नाही. तो वाचतो, 'आपण डिप्लोमावाले, आपल्याला हे जमणार नाही.' वर्गात बारावीहून आलेली मुलंही त्याला कधी तसंच वागवतात. एका केटीपेक्षा ही समजूत महाग पडते.

यावर उपाय आहे, आणि तो काही मोठा नाही. शेवटची परीक्षा संपते आणि प्रवेश मिळतो, यांच्या मधे दोन-तीन महिने जातात. तेवढ्यात ज्या विद्यापीठात जायची शक्यता आहे त्याचा प्रथम वर्षाच्या गणिताचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून काढावा आणि रोज दोन तास बसावं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं अशा मुलांसाठी सेतु अभ्यासक्रम घ्यावेत असं सांगितलेलं आहे. महाविद्यालय निवडताना 'तुमच्याकडे तो खरोखर होतो का, की कागदावरच असतो' हे तिथं आदल्या वर्षी गेलेल्या मुलांना विचारावं. प्लेसमेंटचे आकडे सगळेच विचारतात, हे कुणी विचारत नाही.

दुसरी वाट: आधी नोकरी. आपल्या मध्यमवर्गात तिच्याविषयी एक धास्ती आहे. 'एकदा पगार हातात आला की पोरगं शिकत नाही.' खोटं नाही ते. चाकणला किंवा वाळूजला शिफ्टमध्ये लागलेल्या मुलाला परत वर्गात बसवणं कठीण जातं, आणि घराला त्या पगाराची सवय लागलेली असते. तरीही आमचं मत असं की घरची गरज खरी असेल तर ही वाट कमीपणाची समजू नये. जो मुलगा दोन वर्षं गुणवत्ता-तपासणीत उभा राहिलाय त्याला संख्याशास्त्र कशासाठी हे वेगळं सांगावं लागत नाही. 2023-24 पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत पदवीचे वर्ग चालवण्याची मुभा परिषदेनं महाविद्यालयांना दिली आहे. त्याला अनुभवाच्या आणि अंतराच्या अटी आहेत. आपल्या कारखान्याजवळ असा वर्ग आहे का, हे नोकरी स्वीकारण्याआधी बघावं, नंतर नाही.

शिवाय पदविकेला स्वतःची नोकरी असते, हे आपण विसरतो. सार्वजनिक बांधकाम खात्यातला कनिष्ठ अभियंता स्थापत्य पदविकेवर होतो. आणि पदवीलाच सगळा मान, ही समजूतही फार जुनी नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आधी बी.ए. झाले आणि मग पुण्याला येऊन 1883 साली एल.सी.ई. झाले. त्यातला 'एल' हा लायसेन्शिएटचा, पदवीचा नव्हे! पदवी आधीच खिशात होती, पूल आणि धरणं बांधायला मात्र हा परवाना लागला.

आता सावधगिरीचा भाग. 'घरबसल्या बी.टेक.' अशी जाहिरात दिसली की पदविकाधारकाच्या तोंडाला पाणी सुटतं. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातून दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा निकाल लावला. परिषदेची मान्यता नसताना दिलेल्या त्या पदव्या होत्या. 2001 ते 2005 मध्ये दाखल झालेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना पुन्हा परीक्षेची संधी मिळाली. त्यानंतर दाखल झालेल्यांच्या पदव्या रद्दच ठरल्या. त्यातले कित्येक नोकरी करणारे, पदविका असलेले होते. कष्ट खरे होते, कागद टिकला नाही. ए.एम.आय.ई. ही पिढ्यान्‌पिढ्या पदविकाधारकांची भरवशाची वाट होती. पण सरकारी नोकरीसाठी पदवीशी तिची समकक्षता 31 मे 2013 पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच धरली जाते. काकांनी तसं केलं म्हणून पुतण्यानंही करावं, असं आता नाही.

शब्दांचाही एक घोळ आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पदवी अभ्यासक्रमाची दोन वर्षं करून बाहेर पडणाऱ्याला 'डिप्लोमा' मिळतो. तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा. शब्द तोच, वस्तू वेगळी. पहिल्यावरून तिसऱ्या वर्षात जाता येतं म्हणून दुसऱ्यावरूनही कोणत्याही विद्यापीठात तिसऱ्या वर्षात जाता येईल, असा तर्क मुलं करतात. तर्कशास्त्रात याला अनेकार्थदोष म्हणतात, आणि इथं त्याची किंमत वर्षांत मोजावी लागते.

ज्यांना अभियांत्रिकी नकोच, त्यांच्याविषयी थोडक्यात. राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, नुसती पदविका चालत नाही. तेव्हा तिकडे डोळा असेल तर मुक्त विद्यापीठातून इतिहास किंवा राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करणं ही शहाणपणाची वाट आहे, त्यात 'फील्ड सोडलं' वगैरे काही नाही. बारावी झाली नसेल तर पदविका बारावीच्या जागी धरली जाते का, हे त्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं आहे की नाही तेवढं बघावं. खिडकीवरच्या माणसाच्या 'चालेल हो'वर जाऊ नये. बी.व्होक. ही आयोगमान्य पदवीच आहे. आयटीआयवाल्यांना, दहावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम असेल तर, तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं, आणि तिथून पुढे हाच पूल, हेच गणित.

मुलींच्या आई-वडिलांसाठी एक गोष्ट. 'पदविका झाली, आता पुरे, लग्नाचं बघू' हे अजून कानावर येतं, आणि त्याला खर्चाचं कारण जोडलं जातं. 2024-25 पासून राज्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास गटांतल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर हा लाभ मिळत नाही. म्हणजे उत्पन्नाचा दाखला आणि जातीची किंवा गटाची कागदपत्रं फेऱ्या सुरू होण्याआधी हातात लागतात. जून-जुलैत तहसील कचेरीत दाखल्यांसाठी रांगा लागतात, म्हणून तो अर्ज शेवटच्या सत्राच्या परीक्षेआधीच टाकून ठेवावा.

इथं थांबू आणि प्रश्न घेऊ.