दुधाचा पिवळेपणा येतो कुठून?

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात मुलांची वजने घेण्याचे काम चालू होते. एक तरुण आई तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचे वजन वयाच्या मानाने कमी भरले. "खायला काय काय देता?" असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "ताई, दुधात काही कमी करत नाही. पाकिटाचं बंद केलं. आता देशी गाईचं बाटलीतलं घेते. पिवळंधमक असतं. अँटिऑक्सिडंट का काय ते त्यात जास्त असतं म्हणे." हे दूध पाकिटाच्या दुपटीहून महाग होते. ते परवडावे म्हणून तिने अर्ध्या लिटरचे पाव लिटर केले होते आणि घरात येणारी अंडी बंद केली होती.

तिला सांगितलेली गोष्ट साफ खोटी नव्हती. अर्धी खरी होती, आणि अर्धी खरी गोष्टच खिशाला जास्त महाग पडते. म्हणून यावेळी आरोग्याच्या पानावर दुधाच्या रंगाविषयी.

आधी अँटिऑक्सिडंट म्हणजे काय ते पाहू. चिरलेले वांगे थोड्या वेळात काळे पडते, उघडे राहिलेले तेल खवट होते, पत्रा गंजतो. ही सगळी हवेतल्या ऑक्सिजनची करामत. आपल्या शरीरात आणि दुधातल्या स्निग्धांशातही अशी झीज चालू असते. ती रोखणारे किंवा मंद करणारे जे पदार्थ असतात त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. दुधात ते बरेच आहेत. पिवळा रंग देणारे बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व, थोडेसे क जीवनसत्त्व, सेलेनियम या खनिजाच्या आधाराने काम करणारे एक एंझाइम, आणि खुद्द दुधातली प्रथिने. यातला डोळ्यांना दिसतो तो एकटा कॅरोटीन. बाकीचे सगळे दिसत नाहीत, म्हणून त्यांची जाहिरातही होत नाही.

कॅरोटीन गाय स्वतः तयार करू शकत नाही. ते वनस्पतीच बनवतात. गाईने हिरवा चारा खाल्ला की ते तिच्या पोटात जाते, त्यातल्या काही भागाचे तिचे शरीर अ जीवनसत्त्व बनवते आणि उरलेले तसेच रक्तातून कासेत व दुधात उतरते. म्हणून गाईचे लोणी पिवळसर. म्हैस आणि शेळी मात्र जवळपास सगळ्याच कॅरोटीनचे अ जीवनसत्त्व करून टाकतात. म्हणून त्यांचे दूध पांढरेशुभ्र. म्हणजे म्हशीचे दूध पांढरे आहे ते त्यात अ जीवनसत्त्व कमी आहे म्हणून नव्हे. तिथे त्याचे रूपांतर आधीच झालेले असते एवढेच. ज्यांच्या दारात शेळी आहे त्यांनी तिच्या पांढऱ्या दुधाला हलके समजण्याचे काही कारण नाही.

आता गाई-गाईतला फरक. जर्सी आणि गर्नसी या जातींचे दूध पिवळे, तर काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन फ्रिजियनचे त्यामानाने फिके. चारा एकच घातला तरी हा फरक उरतो, कारण तो रक्तातून, म्हणजे आनुवंशिक गुणांतून येतो. न्यूझीलंडच्या संशोधकांनी फ्रिजियन आणि जर्सी यांच्या संकरातल्या गाई तपासल्या आणि २००९ साली यामागचा एक जनुक दाखवून दिला. त्याचे नाव बीसीओ-२. कॅरोटीनचे तुकडे करणारे एंझाइम हा जनुक बनवतो. काही गाईंत तो मध्येच तुटलेला असतो, त्यामुळे एंझाइम नीट बनत नाही, कॅरोटीन न तुटता शिल्लक राहते आणि दूध जास्त पिवळे होते. म्हणजे आपण ज्याला गाईचा खास गुण समजतो तो एका जनुकातला बिघाडही असू शकतो! त्या बिघाडाने गाईचे काही वाईट होत नाही, पण त्याची पूजा करण्यासारखेही काही नाही.

एकाच गोठ्यात, एकाच जातीच्या, एकच वैरण खाणाऱ्या दोन गाईंच्या दुधातही असा फरक सापडतो. शिवाय जी गाय ढीगभर दूध देते तिच्या दुधात ही जीवनसत्त्वे पातळ होतात. चारा तेवढाच आणि दूध दुप्पट, तर लिटरमागे वाटा कमीच येणार.

पण जातीपेक्षाही मोठा हात आहे तो चाऱ्याचा. ज्याने गावी गुरे राखली आहेत त्याला हे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात बांधावरचे ओले गवत, पुढे मका, कडवळ, लसूणघास मिळाली की लोण्याचा रंग बदलतो. उन्हाळ्यात कडबा आणि भुसा सुरू झाला की तेच लोणी पांढरे पडते. गाय तीच, गोठा तोच. उन्हात वाळवताना गवतातले बरेचसे कॅरोटीन नष्ट होते आणि ई जीवनसत्त्वही घटते. मुरघासात कडब्यापेक्षा बरे टिकते, पण ताज्या हिरव्या चाऱ्याची बरोबरी तोही करत नाही. दुष्काळात चारा छावणीत ऊस चघळत उभी असलेली देशी गाय आणि बागायतदाराच्या दारात लसूणघास खाणारी संकरित गाय शेजारी ठेवली, तर देशी हा शब्द काही कामाचा नाही. आपल्या राज्यातल्या देवणी, लाल कंधारी, खिलार, डांगी, गवळाऊ या जातींचे मोल उन्हात तग धरण्यात आहे, औत ओढण्यात आहे. त्यांनी सुका कडबा खाऊन कॅरोटीन कुठून आणावे?

चाऱ्याच्याही मुळाशी माती असते. फिनलंडच्या जमिनीत सेलेनियम फार कमी. तिथल्या सरकारने १९८४ पासून रासायनिक खतातच सेलेनियम मिसळायला लावले. ते खतातून गवतात, गवतातून गाईत, गाईतून दुधात आणि शेवटी माणसांच्या रक्तात वाढलेले दिसले. एकाही गाईची जात बदलली नव्हती.

आता आपल्या घरात येणाऱ्या पाकिटाकडे वळू. आपल्याकडे उरुळीकांचनला बाएफ संस्था १९६७ साली सुरू झाली, तिने आणि सरकारी योजनांनी संकरित गाई गावोगाव नेल्या. गावात कोणत्याही संकरित गाईला सरसकट 'जर्सी' म्हणतात, पण त्यांतल्या कितीतरी होल्स्टीनच्या वंशातल्या असतात. अशा हजारो गाईंचे, कधी म्हशींचेही दूध डेअरीत एकत्र होते. त्यामुळे पाकिटात जातीचा प्रश्नच उरत नाही. तिथे प्रश्न असतो स्निग्धांशाचा. कॅरोटीन, अ आणि ई ही जीवनसत्त्वे साईबरोबर राहतात. साय काढली की तीही गेली. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. ही उणीव भरण्यासाठी अनेक पाकिटांत अ आणि ड जीवनसत्त्व वरून घालतात. प्रमाण ठरलेले आहे, अ जीवनसत्त्व लिटरमागे २७० ते ४५० मायक्रोग्रॅम. अशा पाकिटावर निळ्या रंगात अधिकचे चिन्ह आणि इंग्रजी एफ अक्षर असते. दूध घेताना ते बघत जा, त्यासाठी वेगळा विचार करून महाग दूध घ्यावे लागत नाही. आणि साय काढल्याने प्रथिने व कॅल्शियम कमी होत नाही. टोन्ड दुधाच्या एका पेल्यातही सुमारे ६ ग्रॅम प्रथिने आणि सव्वादोनशे-अडीचशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. दूध प्यायचे ते यासाठी.

कॅरोटीनसाठी दूध पिणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. पेलाभर गाईच्या दुधात कॅरोटीन भरते ते मायक्रोग्रॅममध्ये, काही दहांच्या घरात. गाजर, पालक, शेवग्याचा पाला यांत ते मिलिग्रॅममध्ये मोजतात, आणि एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम होतात. भाजीतले कॅरोटीन दुधातल्याइतके सहज अंगी लागत नाही हे खरे. थोड्या तेलात परतली तर जास्त लागते. तरी हिशेब भाजीच्याच बाजूने जातो. मूठभर शेंगदाण्यात जेवढे ई जीवनसत्त्व आहे तेवढे मिळवायला दुधाचे कितीतरी पेले रिचवावे लागतील. तयार अ जीवनसत्त्व हवे तर अंड्याचा पिवळा बलक आहे, कलेजी आहे. आपल्या स्वयंपाकघरात या गोष्टी पूर्वीपासून आहेत, त्यांना कुणी बाटलीत भरून विकत नाही.

अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचीही जाहिरात फार असते, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवते. फिनलंडमध्येच २९ हजारांहून अधिक सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. त्यातल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनची गोळी दिली. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. ज्यांच्या घरात विडी-सिगारेट आहे त्यांनी डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय असल्या गोळ्या आणू नयेत. भाजी खाण्यात हा धोका नाही.

बाटलीवर 'ए-टू' लिहिलेले असते त्याविषयीही बऱ्याच जणी विचारतात. ए-वन, ए-टू हा दुधातल्या एका प्रथिनाच्या घडणीतला फरक आहे, २०९ कड्यांच्या साखळीतली एक कडी वेगळी. त्याचा कॅरोटीनशी किंवा पिवळेपणाशी संबंध नाही. शिवाय पिवळेपणा रंग घालूनही येतो.

त्या आईच्या बाटलीची आणखी एक गंमत होती. बाटली पारदर्शक काचेची, आणि दूधवाला ती सकाळच्या उन्हात मोटरसायकलला टांगून तासभर फिरत यायचा. दुधातले बी-२ जीवनसत्त्व उजेडात तापते आणि स्वतः तर जातेच, पण सोबत स्निग्धांश आणि अ जीवनसत्त्वही बिघडवते. उन्हात राहिलेल्या दुधाला येणारा उग्र वास हा त्याचाच. उकळण्याने कॅरोटीन आणि ई फारसे जात नाही, क जाते, पण दुधातून क मिळतेच किती! तेव्हा सुटे दूध उकळूनच प्या, आणि कोणतेही दूध उजेडापासून झाकून ठेवा. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ते मुळीच ठेवू नका. तांब्याचा अंश दुधात उतरला की स्निग्धांश झपाट्याने खराब होतो.

आणि ज्या पिवळ्या दुधाची खरोखर किंमत आहे ते आपल्याकडे अजूनही कधीकधी फेकले जाते. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत आईला येणारे घट्ट पिवळे दूध, चीक. त्याचा पिवळेपणाही कॅरोटीनचाच. अ आणि ई जीवनसत्त्व त्यात नंतरच्या दुधापेक्षा जास्त असते, आणि रोगांशी लढणारी प्रथिने तर भरपूर. "खराब दूध आहे, पिळून टाक" असे सांगणाऱ्या सासूबाई अजून भेटतात. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला तेच पाजायचे, सहा महिने आईचेच दूध, आणि वर्षाच्या आत गाईचे-म्हशीचे दूध आईच्या दुधाच्या जागी द्यायचे नाही. गाईला हिरवा चारा तसा बाळंतिणीला पालेभाजी, अंडे आणि पोटभर जेवण. तिच्या ताटात काही जीवनसत्त्वे कमी असली तर ती तिच्या दुधातही कमी उतरतात.

त्या मुलीच्या आईशी आम्ही बसून हिशेब केला. बाटली बंद, अर्धा लिटर टोन्ड पाकीट पुन्हा सुरू. उरलेल्या पैशांत मुलीला रोज एक अंडे येत होते आणि आठवड्यातून तीनदा पालेभाजीची जुडी. मग तिच्या पिशवीतले लसीकरणाचे कार्ड पाहिले. अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस नवव्या महिन्यात असतो, दुसरा दीड वर्षाला, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी एक, असे नऊ डोस सरकारी दवाखान्यात आणि अंगणवाडीत फुकट मिळतात. तीन वर्षे पूर्ण झालेल्या त्या मुलीचे पाच व्हायला हवे होते. कार्डावर दोनच नोंदी होत्या. राहिलेले एकदम देता येत नाहीत, दोन डोसांत सहा महिन्यांचे अंतर लागतेच. त्याच आठवड्यात अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस होता, तिसरा डोस तेव्हा पाजून घेतला.