गाडीखालचे पाचवे चाक

गाडीला चाके किती असतात?

कोणीही सांगेल, चार. पण जरा नीट मोजा. चार चाके रस्त्यावर फिरतात. पाचवे चाक गुपचूप बसून असते. वेळ आली की ते कामाला येते. त्याला आपण स्टेपनी म्हणतो.

हा स्टेपनी शब्द आला कुठून, ते आधी पाहू या. विलायतेत वेल्स नावाचा प्रांत आहे. तिथे लानेली नावाचे गाव आहे. त्या गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. पूर्वीच्या मोटारींना जादा चाक नसे. वाटेत पंक्चर झाले की तिथेच धुळीत बसून टायर दुरुस्त करावा लागे. १९०४ साली त्या गावातल्या डेव्हिस बंधूंनी एक युक्ती काढली. त्यांनी आरे नसलेली, हवा भरलेल्या टायरची एक जादा धाव तयार केली. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाहेरून अडकवायची आणि गाडी पुढे काढायची. रस्त्याच्या नावावरून त्या चाकाला स्टेपनी नाव पडले. विलायतेत तो शब्द मागे पडला. आपल्याकडे मात्र तो घरचा होऊन बसला.

स्टेपनी कुठे असते?

काही गाड्यांत स्टेपनी डिकीत असते. बोलेरोसारख्या गाडीच्या मागच्या दारावर ती टांगलेली दिसते. पण इनोव्हासारख्या गाडीत आणि पुष्कळशा पिकअप गाड्यांत ती गाडीच्या पोटाखाली असते. मागच्या बाजूला वाकून पाहिले की दिसते.

खाली का ठेवतात? आत माणसांना आणि मालाला जागा मिळावी म्हणून. हा फायदा झाला. पण तोटाही आहे. रस्त्यावरचा चिखल, धूळ, पाणी सगळे तिच्यावर उडते. आणि ती डोळ्यांआड असते. जे डोळ्यांआड, ते मनाआड. चार चाकांत हवा भरली जाते, पाचव्याची आठवण राहत नाही.

समजा, एक पिकअप रात्री टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावच्या बाजाराला निघाली आहे. वाटेत मागचे चाक बसले.

"काय झालं रे पोरा?"

"पंक्चर झालंय, तात्या."

"मग स्टेपनी टाक की."

"स्टेपनी खाली उतरंना. सगळं गंजून बसलंय."

आता काय करणार? बाजार निघून जाईल, मालाचा भाव पडेल. हे नुकसान एक वेळ सोसता येईल. पण घाईघाईने तो पोरगा जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरला आणि जॅक निसटला, तर? ते नुकसान कोण भरून देणार? म्हणून हे काम नीट समजून घेतले पाहिजे. गाडी चालवणाऱ्याने तर घेतलेच पाहिजे, पण गाडीत बसणाऱ्यानेही घ्यावे. शेजारी जाणता माणूस उभा असला की चूक टळते.

रहाटाचीच युक्ती

गाडीखालची स्टेपनी कशी टांगलेली असते? तुम्ही विहिरीवरचा रहाट पाहिला आहे. रहाट फिरवला की दोर सुटतो आणि पोहरा खाली जातो. उलटा फिरवला की पोहरा वर येतो. इथेही तसेच आहे. गाडीच्या मागच्या भागात एक लहानसा रहाट बसवलेला असतो. त्याला साखळी किंवा तारेचा दोर असतो. साखळीच्या टोकाला एक लोखंडी पट्टी असते. ही पट्टी चाकाच्या मधल्या भोकात आडवी बसते आणि चाक तोलून धरते.

हा रहाट फिरवायला गाडीखाली जावे लागत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. मागचे दार उघडले की तिथे किंवा मागच्या बंपरजवळ एक भोक असते. काही गाड्यांत त्यावर झाकण असते. जॅकची लांब दांडी, म्हणजे टॉमी, त्या भोकातून आत घालायची. टोक रहाटाच्या खोबणीत बसले की हाताला कळते. मग टॉमी फिरवायची. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवले की चाक खाली येते, काट्याप्रमाणे फिरवले की वर जाते. पण सगळ्या गाड्या सारख्या नसतात. गाडीबरोबर एक पुस्तक येते, त्यात चित्रासह सगळे दिलेले असते. ते पुस्तक गाडीतच ठेवावे आणि अडायच्या आधी वाचावे. आता आपल्याला वाचता येते, मग दुसऱ्याच्या तोंडाकडे का पाहायचे?

चाक कसे बदलावे?

आता क्रम सांगतो. या कामात क्रमच महत्त्वाचा आहे.

पहिले काम जागा पाहण्याचे. गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी. जमीन सपाट आणि टणक हवी. उतारावर, वळणावर किंवा भुसभुशीत मातीत जॅक लावू नये. बसलेल्या चाकावर गाडी थोडी पुढे न्यावी लागली तरी चालेल. टायर गेला तर नवा मिळतो.

दुसरे काम गाडी बांधून ठेवण्याचे. इंजिन बंद करा. हँडब्रेक ओढा. गाडी गिअरमध्ये ठेवा. दोन्ही बाजूंचे लुकलुकणारे दिवे लावा. सगळ्या माणसांना खाली उतरवा आणि रस्त्यापासून दूर उभे करा. लहान मुलांना तर हाताला धरूनच ठेवा. लाल त्रिकोण असेल तर तो मागे बराच लांब ठेवा. मग जे चाक बदलायचे आहे, त्याच्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. म्हणजे मागचे डावे चाक बदलायचे असेल, तर पुढच्या उजव्याला दगड.

तिसरे काम स्टेपनी उतरवण्याचे. गाडी जॅकवर उचलण्याआधीच हे करावे. टॉमी फिरवून चाक जमिनीला टेकवा. साखळी आणखी थोडी सैल सोडा. मग चाक बाहेर ओढा. पट्टी तिरकी करून भोकातून काढा. चाकाची कोणती बाजू वर होती, ते पाहून ठेवा. चाक पंधरा-वीस किलोचे तरी असते. बसून, दोन्ही हातांनी ओढा.

कधी कधी मागचेच चाक बसलेले असते. मग गाडी मागून खाली दबते आणि स्टेपनी बाहेर निघत नाही. अशा वेळी आधी जॅकने गाडी थोडी उचलावी लागते. पण तेव्हा हात, डोके किंवा पाय गाडीखाली घालू नये. लांब आकड्याने किंवा काठीने चाक ओढून घ्यावे.

चौथे काम नट सैल करण्याचे. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच प्रत्येक नट पान्याने अर्धा फेरा सैल करा. चाक अधांतरी असताना जोर लावला तर गाडी जॅकवरून हलते.

पाचवे काम जॅक लावण्याचे. जॅक कुठे लावायचा, त्याची जागा ठरलेली असते. ती पुस्तकात दाखवलेली असते. जमीन मऊ असेल तर जॅकखाली जाड फळी घाला. जॅक किती वजन उचलतो, ते त्याच्यावर लिहिलेले असते. तो आकडा वाचा. गाडीत माल जास्त असेल तर आधी माल उतरवा. कंटाळा करू नका.

गाडी थोडी उचलली की स्टेपनी आडवी करून जॅकजवळ गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवा. दैववशात जॅक निसटला, तर गाडी त्या चाकावर बसेल, माणसावर नाही. पुढे स्टेपनी बसवायला काढाल, तेव्हा तिच्या जागी पंक्चर झालेले चाक ठेवा.

सहावे काम चाक बसवण्याचे. नट काढून एका फडक्यावर ठेवा, म्हणजे मातीत हरवणार नाहीत. जुने चाक काढा, स्टेपनी बसवा. नटाची निमुळती बाजू चाकाकडे हवी. आधी सगळे नट हाताने फिरवून बसवा. मग पंक्चरचे चाक गाडीखालून बाजूला घ्या आणि गाडी खाली उतरवा. आता पान्याने नट आवळा. ओळीने आवळू नका. एक आवळला की त्याच्या समोरचा आवळा. असे केले म्हणजे चाक सरळ बसते. नटांना तेल किंवा ग्रीस लावू नये. पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा एकदा आवळून पाहावेत.

चाक पुन्हा वर टांगताना

पुष्कळांना वाटते, नवे चाक बसले, काम संपले. तसे नाही. काढलेले चाक आता खाली टांगायचे आहे, आणि ते घाईत टांगले तर मोठा धोका असतो.

गाडी चारही चाकांवर उभी असतानाच हे काम करावे. लोखंडी पट्टी तिरकी करून चाकाच्या भोकातून घाला आणि पलीकडे आडवी बसवा. चाकाची जी बाजू आधी वर होती, तीच आताही वर ठेवा. टॉमी हळूहळू फिरवा. चाक वर जाताना कडेला अडकत नाही ना, ते बाहेरून वाकून पाहा. पूर्ण घट्ट होईपर्यंत फिरवा. मग बाहेरून हात लावून चाक हलवून बघा. जरासुद्धा हलता कामा नये.

चाक सैल राहिले तर काय होते? खड्ड्यात गाडी आदळली की साखळीला हिसका बसतो. पुन्हा बसतो, पुन्हा बसतो. एक दिवस चाक सुटून रस्त्यावर पडते. मागून येणारा मोटारसायकलवाला त्यावर आपटतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. आपल्या आळसापायी दुसऱ्याच्या घरचा कर्ता जाऊ शकतो, बरं का!

चाक टांगायचे नसेल आणि आतच ठेवायचे असेल, तरी मोकळी साखळी पूर्ण वर गुंडाळून घ्या. ती लोंबत राहिली तर कशात तरी अडकते.

आणि दुसऱ्या दिवशी पहिले काम पंक्चर काढून घेण्याचे. पंक्चरचे चाक टांगून फिरणे म्हणजे रिकामी घागर घेऊन प्रवासाला निघणे.

स्टेपनीवरचे आकडे वाचा

टायरवर आकडे असतात. ते इंग्रजी असतात, पण ओळखायला कठीण नाहीत. एका लंबगोलात चार आकडे असतात. समजा तिथे २३१९ आहे. याचा अर्थ हा टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. स्टेपनी न वापरताही जुनी होते, रबर कडक होते, त्याला चिरा पडतात. म्हणून हा आकडा पाहावा.

काही गाड्यांची स्टेपनी इतर चाकांपेक्षा लहान असते. तिच्यावर ८० हा आकडा लिहिलेला असतो. म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वर गाडी न्यायची नाही. पंक्चर काढणाऱ्यापर्यंत जाण्यापुरतीच ती असते. काही नव्या गाड्यांत तर स्टेपनी नसतेच, हवेचा पंप आणि पंक्चर बुजवायचे औषध असते. गाडी घेताना हे विचारून घ्यावे.

हवा किती भरायची, तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. पंपावर हवा भरताना पाचव्या चाकातही भरून घ्या.

दर सहा महिन्यांनी, निदान पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, दिवसाउजेडी अंगणात स्टेपनी खाली उतरवा. साखळी आणि रहाट धुऊन पुसून घ्या. गंज चढला असेल, रहाट जड फिरत असेल, तर मेकॅनिकला दाखवा. कोकणात खारी हवा असते, तिथे तर हे टाळूच नका. घरात जे जे गाडी चालवतात, त्यांनी एकेकदा स्वतःच्या हाताने चाक उतरवावे आणि चढवावे. सूनबाई चालवत असेल तर तिनेही. अंगणात केलेली सवय अंधारात उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट. गाडीत अडलेली बाई किंवा आजारी माणूस असेल आणि चाक बसले, तर चाकाशी झटत बसू नका. आधी १०८ ला फोन करा. मग चाकाला हात घाला.

संकट सांगून येत नाही. पण तयारी आपल्या हातात असते. आज घरी गेल्यावर गाडीच्या मागे वाका आणि पाचव्या चाकाकडे एकदा बघा.

आता सांगा पाहू

१. गाडीखालची स्टेपनी कशाने खाली येते?
२. स्टेपनी जॅक लावण्याआधी का काढावी?
३. नट कोणत्या क्रमाने आवळावेत?
४. टांगलेले चाक सैल राहिले तर काय होईल?
५. तुमच्या गावातल्या एका गाडीच्या टायरवरचे चार आकडे वाचा. तो टायर कोणत्या सालचा आहे?