साडेतीन हजार गुणिले सहा

‘लुपिन आठवा’ ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका टीव्हीवर पाहिलेला माणूस जगात नाही. १९८२ साली तिचे सहा भाग तयार झाले आणि सहाच्या सहा कपाटात गेले. मूळ मालिका ‘लुपिन तिसरा’. ती जपानमध्ये आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना ठाऊक. तिच्यातल्या चोरांच्या टोळीचे बाविसाव्या शतकातले वंशज अंतराळात उद्योग करतात, अशी नव्या मालिकेची कल्पना होती. तोक्योची ‘तोक्यो मूव्ही शिन्शा’ आणि फ्रान्सची ‘डीआयसी’ या दोन कंपन्यांनी मिळून ती करायला घेतली. पुढे ‘लुपिन’ या नावावरून पैशांचा वाद निघाला आणि काम थांबलं.

ही हकिकत जो सांगतो तो त्या वादाचीच सांगतो. मी मात्र दर वेळी ‘सहा भाग तयार झाले’ या चार शब्दांपाशी अडायचे. तयार झाले म्हणजे नक्की काय झालं? १९८२ साली रंग भरायला संगणक नव्हता. पडद्यावर हलणारं एकूण एक चित्र कुणीतरी टेबलाशी बसून, ब्रशने, हाताने रंगवलेलं असायचं. त्या हातांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. म्हणून ते काम एकदा स्वतः करून बघावं असं मनात आलं, आणि सेल रंगवायला शिकवणाऱ्या एका वर्गात नाव घातलं.

वर्ग तोक्योच्या सुगिनामी भागात, ओगिकुबो स्टेशनपासून थोडा आत. मी राहते निशी-कासाईला. तिथे आपल्याकडची इतकी माणसं आहेत की फलाटावर मराठी कानावर पडलं तरी आता मान वळत नाही. मिताकाला जाणारी तोझाई लाईनची गाडी मिळाली की न बदलता थेट ओगिकुबो. सुगिनामी म्हणजे अ‍ॅनिमेशनवाल्यांची जुनी वस्ती. ‘गुंडाम’ काढणाऱ्या सनराईज कंपनीचं घर इथलंच, म्हणून कामी-इगुसा स्टेशनाबाहेर गुंडामचा पुतळा उभा आहे. ओगिकुबोत अ‍ॅनिमेशनचं संग्रहालय आहे, तेही फुकट बघायला मिळतं. ते बघितलं आणि पुढे गेले. तिथे सगळं फार स्वच्छ होतं.

वर्गाचं दार उघडलं तर आधी वास आला. आंबूस, नाकात चढणारा, व्हिनेगरचा. शेजारच्या हॉटेलातून येत असेल असं वाटलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “सेलचा आहे. जुनी झाली की अशीच करतात.”

सेल म्हणजे अ‍ॅसिटेटचा पातळ, पारदर्शक पत्रा. जुना होत गेला की त्याचं रसायन सुटतं आणि त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, बाहेर पडतं. एका पत्र्याला सुरुवात झाली की गठ्ठ्यातल्या बाकीच्यांनाही लागण होते. खोलीच्या एका भिंतीला असे गठ्ठे उभे रचलेले होते, प्रत्येक दोन पत्र्यांत पातळ कागद. कागद काढू लागलं की टर्र आवाज होतो, क्वचित त्याच्याबरोबर रंगाचा पोपडाही येतो. तो वास पुढे माझ्या स्वेटरला आणि पिशवीला लागला, आणि खरं सांगायचं तर मला आवडायलाही लागला.

बाई सत्तरी ओलांडलेल्या. सगळे त्यांना सेन्सेई म्हणतात. मुलं लहान असताना त्या घरी बसून सेल रंगवायच्या. या कामाला शिआगे म्हणतात. ते बहुतेक बायकाच करत. बरेचदा घरी, आणि मोबदला नगावर. संध्याकाळी कंपनीचा माणूस गाडी घेऊन यायचा, रंगवलेली पाकिटं न्यायचा, नवी टाकून जायचा. पाकिटावर मालिकेचं नाव, भागाचा आणि दृश्याचा क्रमांक. पाकिटात अमुक दृश्याचे अमुक पत्रे, सोबत रंगांच्या नंबरांची यादी. गोष्ट काय, आधी काय घडलं, पुढे काय होणार, यातलं काहीच पाकिटात नसायचं.

आधीच्या पायऱ्या थोडक्यात. मुख्य अ‍ॅनिमेटर हालचालीतल्या मोक्याच्या जागा काढतो, मधली चित्रं दुसरे भरतात, कागदावरची पेन्सिलीची रेघ कार्बन लावून यंत्रातल्या उष्णतेने पत्र्यावर उतरते. मग पत्रा रंगवणारीच्या हाती येतो.

आणि रंगवायचं उलट्या बाजूने. आपल्या जुन्या वाड्यांत काचेवरची चित्रं असत, त्यांच्यासारखं: रेघ पुढून, रंग मागून. हे समजायला सोपं आहे, हाताला पटायला अवघड. मला दिलेल्या पत्र्यावर एका मांजराचं डोकं होतं. डाव्या हातात पांढरा सुती हातमोजा, कारण बोटाचा ठसा उमटला तर तो कॅमेऱ्यात दिसतो. उजव्या हाताच्या मोज्याची टोकं कापलेली. ब्रश रंगात बुडवून मी सवयीने फराटा मारला. सेन्सेईंनी मनगट धरलं. “ओढायचं नाही. ढकलायचं.”

म्हणजे असं. ब्रशच्या टोकाला रंगाचा चांगला मोठा थेंब घ्यायचा. तो जागेच्या मधोमध टेकवायचा आणि ब्रशच्या केसांनी नव्हे तर त्या थेंबालाच हळूहळू रेघेकडे रेटत न्यायचं. रेघेच्या निम्म्या जाडीवर रंग चढला पाहिजे. त्याहून कमी पडला तर मधून उजेड डोकावतो, जास्त झाला तर पलीकडच्या रंगात घुसतो. थर जाड हवा, पण सपाट. ब्रशची एकही खूण राहता कामा नये. कारण या चित्राच्या पुढच्या-मागच्या चित्रांत त्या खुणा वेगळ्या जागी पडतील आणि पडद्यावर मांजराचा गाल उकळत असल्यासारखा दिसेल. रंग वाळला की आकसतो, आणि ओला असताना दिसतो त्याहून वेगळाच होतो, म्हणून नजरेवर विसंबायचं नाही. बाटलीवरचा नंबर वाचायचा. एका चित्रात चुकून दुसऱ्या नंबरचा रंग गेला तर पडद्यावर ती जागा क्षणभर लुकलुकते. त्या चुकीला धंद्यात ‘पाका’ म्हणतात. सेन्सेई हा शब्द अजूनही आवाज खाली आणून उच्चारतात.

माझा एक कान होईपर्यंत शेजारच्या मुलीचं अख्खं मांजर झालं होतं.

“अर्ध्या तासाच्या एका भागाला अशी किती लागतात?” मी विचारलं.

“साडेतीन हजार,” सेन्सेई म्हणाल्या. “कधी कमी, कधी जास्त. साडेतीन हजार धरा.”

हा आकडा त्या धंद्यातला सर्वसाधारण आकडा आहे आणि तो कंजुषीचा आहे, हे आधी सांगायला हवं. चित्रपटाच्या फितीवर सेकंदाला २४ चौकटी पळतात. जाहिराती वगळून भाग साधारण २२ मिनिटांचा, म्हणजे साडेएकतीस हजारांहून जास्त चौकटी. प्रत्येकीला नवं चित्र द्यायचं म्हटलं तर दर आठवड्याला मालिका निघणं शक्य नाही. ओसामू तेझुकांनी १ जानेवारी १९६३ पासून ‘तेत्सुवान आतोमू’ दर आठवड्याला दाखवायला घेतली ती काटकसरीच्या बळावर: एकच चित्र तीन चौकटींना वापरायचं, शरीर स्थिर ठेवून नुसतं तोंड हलवायचं, धावण्याची दृश्यं जपून ठेवून पुन्हा लावायची. जपानी अ‍ॅनिमेशनची म्हणून जी लकब आज जगभर नावाजली जाते, तिच्यातली बरीचशी या हिशेबातून आली आहे. तर इतकं वाचवून, कापून, पुन्हा वापरून उरतात ती साडेतीन हजार.

आता तो वाद. मला त्यात कुणाचीच बाजू घ्यावीशी वाटत नाही, पण तो आहे मजेशीर. मोरीस लब्लाँ या फ्रेंच लेखकाने १९०५ साली आर्सेन लुपिन हा सभ्य, रुबाबदार चोर निर्माण केला. (बाबूराव अर्नाळकरांचा काळापहाड वाचून वाढलेल्या घरात या जातीच्या नायकाची ओळख करून द्यावी लागत नाही.) १९६७ साली मंकी पंच या टोपणनावाने चित्रकथा काढणाऱ्या जपानी चित्रकाराने त्या चोराचा नातू कल्पून ‘लुपिन तिसरा’ सुरू केला. लब्लाँच्या वारसांना विचारलं नव्हतं. १९७१ मध्ये त्यावर टीव्ही मालिका आली, १९७७ ते १९८० या काळात दुसरी, तब्बल १५५ भागांची. जपानच्या आत हे खपून गेलं. पण ‘लुपिन आठवा’ फ्रेंच कंपनीबरोबर आणि फ्रान्ससाठी होता. चोर मालकाच्याच अंगणात शिरला. वारसांनी नावाचे पैसे मागितले, ते परवडेनात, आणि सहा भागांवर पडदा पडला. पुढे १९८५ साली जुनी मालिका फ्रान्समध्ये दाखवली गेली तेव्हा नायकाचं नाव एडगर झालेलं होतं.

गंमत अशी की खुद्द लब्लाँनेही हेच केलं होतं. १९०६ साली त्याने आपल्या लुपिनसमोर सरळ शेरलॉक होम्सला उभं केलं. कॉनन डॉयलकडून हरकत आल्यावर अक्षरांची अदलाबदल करून त्याचा ‘हर्लॉक शोल्मेस’ केला आणि पुस्तक छापलं. अक्षरं इकडची तिकडे करून भागतं हे त्याला माहीत होतं. सहा भाग रंगवून झाल्यावर पात्राचं नाव बदलण्याचा तोच उपाय इथेही सुचायला हरकत नव्हती. चित्रांवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं.

मालिकेची माणसं साधी नव्हती. दिग्दर्शक रिनतारो. ‘कॅप्टन हार्लॉक’ आणि ‘गॅलक्सी एक्स्प्रेस ९९९’ यांचे, म्हणजे अंतराळात मुरलेले. पात्रांची रेखाटनं शिंगो आराकींची, ज्यांनी ‘व्हर्सायचा गुलाब’मधले ते लांब पापण्यांचे डोळे घडवले. याच दोन कंपन्यांनी आदल्या वर्षी ग्रीक पुराणातल्या युलिसिसला एकतिसाव्या शतकात पाठवलं होतं, आणि पुढच्या वर्षी त्यांचा ‘इन्स्पेक्टर गॅजेट’ आला. या नावांमुळे हौशी मंडळी ‘लुपिन आठवा’ला हरवलेला खजिना म्हणतात. मला हा शब्द खटकतो. खजिना म्हटला की डोळ्यांपुढे तो पुरणारा आणि शोधणारा असे दोघेच येतात.

चहाच्या सुट्टीत मी सेन्सेईंना सगळी हकिकत सांगितली. माझी जपानी मोडकी, त्यामुळे वारस, हक्क, मोबदला हे शब्द फोनवर शोधून दाखवावे लागले. त्यांनी वादात फारसं मन घातलं नाही.

“सहा?” म्हणाल्या, आणि ओठांतल्या ओठांत हिशेब केला. “एकवीस हजार.” मग कप खाली ठेवून विचारलं, “पैसे दिले ना त्यांना?”

कंपन्या मोठ्या होत्या, दिले असणार, मी म्हटलं.

“असणार!” त्या हसल्या. एक छोटी कंपनी बुडाली तेव्हा त्यांचे दोन महिन्यांचे पैसे बुडाले होते. ती मालिका मात्र सबंध दाखवली गेली. “मुलं बघायची. मी त्या वेळी पुढचं पाकीट करत असायचे.” दाखवलं की नाही दाखवलं, याने त्यांना फरक पडत नाही. पत्रा तपासून पास झाला, वहीत नोंद झाली, तिथे त्यांचं काम संपलं. मला हे ऐकायला बरं वाटत नव्हतं. आपण केलेलं कुणी पाहिलंच नाही याचं दुःख त्यांनी बोलून दाखवावं अशी माझी अपेक्षा होती, आणि ती मी दोनतीन वेगवेगळ्या प्रश्नांतून पुढे सरकवूनही पाहिली. त्यांनी दाद दिली नाही.

मी त्यांना फोनवर त्या मालिकेतलं एक चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, फोन नाकाजवळ नेला आणि रंग मोजायला लागल्या. “अंतराळाचं काम कुणालाच नको असायचं,” म्हणाल्या. “हेल्मेट, पट्टे, बटणं. इवल्या इवल्या जागा, प्रत्येकीला वेगळा रंग, वर त्याची सावली वेगळी. पैसे मात्र तेवढेच. हे कपडे ज्याने काढले त्याला ते रंगवायचे नव्हते.”

चित्रीकरण झाल्यावर पत्र्यांचं काय व्हायचं? बहुतेक कचऱ्यात जायचे. कंपन्यांना जागा हवी असायची. काही ओळखीपाळखीत वाटले जायचे, काही विकले जायचे. आज त्याच पत्र्यांचे लिलाव होतात आणि लोक ते वास मारेपर्यंत भिंतीवर लावतात. टीव्हीवर सेलचा वापर टिकून राहिलेली शेवटची मालिका ‘साझाए-सान’. २०१३ साली तीही संगणकावर गेली. रंगवणं म्हणजे आता बंद आकारात क्लिक करणं. शेजारची मुलगी दिवसा तेच काम करते. तिला विचारलं, मग इथे का येतेस? म्हणाली, इथे चूक केली की पुसता येत नाही, मजा येते.

लब्लाँ १९४१ साली वारला. फ्रान्सच्या कायद्याची सत्तर वर्षं २०११ बरोबर संपली. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१२ साली, ‘लुपिन तिसरा’चा एक संग्रह जपानमध्ये डिस्कवर निघाला आणि त्यात ‘लुपिन आठवा’चा एक भाग घातला होता. बाकीचे पाच त्यात नाहीत. हेही मी सेन्सेईंना सांगितलं.

“म्हणजे साडेतीन हजार निघाली,” त्या म्हणाल्या, आणि माझं मांजर उचलून दिव्यासमोर धरलं. डाव्या कानाच्या टोकाशी टाचणीएवढा उजेड आरपार येत होता. हे पास होणार नाही, म्हणाल्या, आणि ब्रश माझ्या हातात दिला.