मंद्र सप्तकातला ठिपका

पाश्चात्त्य नोटेशनचे एक पान प्रिंटरमधून बाहेर येते. पाच रेषा जागच्या जागी असतात; पण ओळीच्या आरंभी, जिथे ट्रेबल क्लेफचे वळणदार चिन्ह हवे, तिथे ‘&’ उमटलेले असते. बास क्लेफच्या जागी प्रश्नचिन्ह येते आणि भरीव काळ्या स्वरांच्या जागी फ्रेंच लेखनात वापरले जाणारे ‘ओ’ आणि ‘ई’ यांचे जोडाक्षर रांगेने उभे असते. संगणकावर नोटेशन लिहिणाऱ्यांना हा बिघाड चांगला ओळखीचा आहे. पान बिघडले असे वाटते, प्रत्यक्षात त्या क्षणी पानाच्या आत काय भरले आहे ते उघडे पडलेले असते.

ॲडोबी कंपनीने 1980च्या दशकाच्या मध्यावर ‘सोनाटा’ नावाचा फॉन्ट आणला. तो क्लिओ हगिन्स यांनी रेखाटला होता. त्या काळी फॉन्टमध्ये मोजक्याच जागा असत आणि त्या इंग्रजी अक्षरांसाठी ठरलेल्या होत्या. म्हणून सांगीतिक चिन्हे त्याच जागांवर बसवली गेली, तीही लक्षात राहतील अशी: ‘&’ची वळणे ट्रेबल क्लेफसारखी, म्हणून तो त्या कळीवर; तीव्र स्वराचे चिन्ह ‘#’च्या कळीवर. पुढच्या बऱ्याच फॉन्टनी हीच मांडणी उचलली. म्हणजे फाइलमध्ये क्लेफ कधी नव्हताच. तिथे ‘&’ होता आणि त्याला क्लेफचे रूप देण्याचे काम फॉन्टकडे होते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल गेली की रूप उतरते.

मराठी छपाईतल्या माणसाला हे नव्याने समजावून सांगावे लागत नाही. पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रॅमच्या काळात जुळवलेली मराठी पुस्तके नेमकी अशाच जुगाडावर उभी होती. देवनागरी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले, आणि प्रत्येक फॉन्ट बनवणाऱ्याची मांडणी वेगळी. आज ती फाइल उघडली आणि त्या वेळचा फॉन्ट हाताशी नसला, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक चुरा दिसतो. त्यात संगीताचे पुस्तक असेल तर दुहेरी आपत्ती: शब्द एका फॉन्टमध्ये, स्वरचिन्हे दुसऱ्यात.

या दुखण्यावर पाश्चात्त्य संगीताच्या जगाने उपाय काढला. 2013 साली स्टाइनबर्ग कंपनीतल्या डॅनियल स्प्रेडबरी यांनी ‘स्टँडर्ड म्युझिक फॉन्ट लेआउट’ मांडला. युनिकोडमध्ये काही भाग खासगी वापरासाठी मोकळा ठेवलेला आहे. त्यात प्रत्येक सांगीतिक चिन्हाला एक ठरावीक क्रमांक दिला गेला. त्याबरोबर ‘ब्राव्हुरा’ हा फॉन्टही सर्वांना मोफत दिला. आज डोरिको आणि म्युझस्कोर हे नोटेशनचे प्रोग्रॅम याच मांडणीवर चालतात. एक फॉन्ट काढून दुसरा घातला तरी क्लेफ क्लेफच राहतो. या यादीत पर्शियन आणि तुर्की संगीतातल्या स्वरांच्या चिन्हांना जागा आहे. हिंदुस्थानी संगीतातल्या भातखंडे आणि पलुस्कर यांच्या स्वरलिपींसाठी मात्र वेगळा विभाग नाही. आपली अडचण इथून सुरू होते, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते.

स्वर छापणे हे शब्द छापण्यापेक्षा नेहमीच कठीण राहिले आहे. 1501 साली व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने बहुस्वरी गीतांचा पहिला संग्रह खिळ्यांनी छापला. तो एकच कागद यंत्राखाली पुन्हा पुन्हा घालत असे: रेषा वेगळ्या, स्वर वेगळे, शब्द वेगळे. कागद केसभर सरकला की रेषेवरचा स्वर रेषांमधल्या जागेत जायचा, म्हणजे स्वरच बदलायचा. पॅरिसच्या पिएर आतेन्यां याने 1528च्या सुमारास रेषेचा तुकडा आणि स्वर एकाच खिळ्यावर ओतून काम एका दाबावर आणले. त्याच्या पानांवर रेषा सलग दिसत नाहीत, जोडांवर फटी दिसतात. पण स्वर कधी जागा सोडत नाही. स्वस्त आणि खात्रीच्या छपाईसाठी त्याने देखणेपण सोडले, आणि मला तो सौदा योग्य वाटतो.

आपल्याकडे विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, पुढे मुंबईत आले, आणि स्वरलिपीची पुस्तके काढण्यासाठी स्वतःचा छापखाना चालवला. त्याच मुंबईत वकिलीतून संगीताकडे आलेले विष्णु नारायण भातखंडे ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग मराठीत सिद्ध करत होते. दीड हजारांहून अधिक बंदिशी त्यात आल्या. भातखंडे यांच्या चिन्हांकडे छापखान्याच्या नजरेने पाहिले की त्यांची काटकसर ध्यानात येते. स्वर म्हणजे देवनागरी अक्षर, ते कोणत्याही खिळेघरात होतेच. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली ठिपका, तारसाठी वर ठिपका. समेला गुणाकाराची खूण, खालीला शून्य. शब्दातला स्वर लांबला की अवग्रह. स्वरांवरून जाणारी कमान म्हणजे मींड, आणि एका मात्रेत अनेक स्वर आले तर त्यांच्याखाली कंस.

पलुस्करांची चिन्हे निराळी. त्यांच्याकडे स्वरावरचा ठिपका मंद्र सप्तक दाखवतो आणि तार सप्तकासाठी वर उभी रेघ येते. म्हणजे वर ठिपका असलेला षड्ज एका पुस्तकात वरचा आणि दुसऱ्या पुस्तकात खालचा. दोन्ही परंपरांची पुस्तके महाराष्ट्रातल्या एकाच शिक्षकाच्या कपाटात असतात. माणूस मुखपृष्ठ पाहून सावरून घेतो. संगणक सावरत नाही. त्याला ठिपका दिसतो, सप्तक दिसत नाही.

आता हे आजच्या कळफलकावर टंकित करायला बसू. कोमलची आडवी रेघ आणि तीव्रची उभी रेघ युनिकोडच्या देवनागरी विभागात आहेत. वैदिक स्वरांकनासाठी ती चिन्हे तिथे आली. तार सप्तकाच्या ठिपक्यासाठी लोक अनुस्वार वापरतात. दिसायला तो ठीक दिसतो. मात्र दृष्टिहीन विद्यार्थ्याचा संगणक तो मजकूर मोठ्याने वाचतो तेव्हा तार षड्जाचा उच्चार सानुनासिक होतो. मंद्र सप्तकासाठी नुक्ता घेतात. मंद्र गंधार मग उर्दूतून आलेल्या ‘ग़ज़ल’मधला ग़ होतो. मंद्र रिषभाची गंमत आणखी वेगळी आहे: ‘र’ आणि नुक्ता मिळून युनिकोडच्या हिशेबी ‘ऱ’ होतो, म्हणजे आपण ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ लिहिताना वापरतो तेच अक्षर. शिवाय नुक्ता व्यंजनानंतर लगेच टाकायचा की मात्रेनंतर, हा प्रश्न उरतोच. एकाने ‘नि’चा ठिपका आधी टाकला, दुसऱ्याने नंतर, तर दोन्ही ‘नि’ डोळ्याला सारखे दिसले तरी आतली अक्षरमाळ वेगळी असते. शोध घेतला की एक सापडतो, दुसरा निसटतो.

खरी परीक्षा दरबारी कानड्यात होते. त्या रागाचा जीवच मंद्र सप्तकातल्या कोमल धैवत-निषादावर आहे. म्हणजे एका अक्षराखाली ठिपकाही हवा आणि आडवी रेघही हवी. वैदिक संहितांमध्ये नुक्ता नसतो, त्यामुळे ही जोडी फॉन्ट रेखाटणाऱ्यापुढे सहसा आलेलीच नसते. परिणामी अनेक फॉन्टमध्ये ठिपका रेघेवर चढतो. पडद्यावर मोठे करून पाहिले तर दिसतो. बारा पॉइंटात छापला की रेघ जराशी जाड झाल्यासारखी वाटते आणि सप्तक हरवते. काही जण यावर तोडगा म्हणून रोमन लिपीसाठीचे, अक्षराखाली ठिपका देणारे चिन्ह घेतात. मग फॉन्टला ते देवनागरीशी जोडता येत नाही आणि अक्षराशेजारी तुटक ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. ते वर्तुळ म्हणजे संगणकाची तक्रार असते: हे चिन्ह कुणावर ठेवू?

यापेक्षा साधी, पण जास्त पुस्तकांना नडलेली चूक म्हणजे स्पेसबार. स्वरांची ओळ वर, बोलांची खाली, तालाची त्याखाली. आणि तिन्ही एकाखाली एक यावे म्हणून मोकळ्या जागा मारत बसायचे. फॉन्ट बदलला, आकार अर्ध्या पॉइंटने कमी केला, की बोल आपल्या स्वरापासून सरकतात आणि समेची खूण भलत्या मात्रेखाली जाते. पेत्रुच्चीचा सरकलेला कागद पुन्हा आला म्हणायचा. उपाय एकच: तक्ता करायचा आणि प्रत्येक मात्रेला एक चौकट द्यायची. त्रितालाला सोळा चौकटी. डेमी आकाराच्या पुस्तकात समास सोडून साधारण साडेचार इंच रुंदी मिळते. म्हणजे एका मात्रेला सात मिलिमीटर. त्यात कधी एकच ‘सा’ असतो, कधी चार स्वरांची तान, तीही कणस्वर आणि खालच्या कंसासह. म्हणून तानांची पाने आठ-आठ मात्रांत तोडावीत. कागद जास्त लागेल, तो लागू द्यावा.

प्रिंटरच्या बाजूचे बिघाड शोधायला एक पद्धत उपयोगी पडते. आधी पाहायचे, पान मूळ प्रोग्रॅममध्ये नीट दिसते का. मग त्याच संगणकावर पीडीएफ करून ती उघडायची. मग तीच पीडीएफ दुसऱ्या संगणकावर, जिथे ते फॉन्ट नाहीत. शेवटी कागद. ज्या पायरीवर चिन्ह बिघडते, तिच्या आणि मागच्या पायरीच्या मध्ये दोष असतो. दुसऱ्या संगणकावर बिघडले तर फॉन्ट पीडीएफमध्ये समाविष्ट झालेले नाहीत. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी पाहिली की खातरजमा होते. फक्त कागदावर बिघडले तर प्रिंटर आपले स्वतःचे फॉन्ट वापरू पाहत असतो. अशा वेळी ‘प्रिंट ॲज इमेज’ निवडल्यावर पान चित्र म्हणून जाते आणि बहुतेकदा सुटका होते.

आकाराची गडबड मात्र गुपचूप होते. अमेरिकेत राहणारे मराठी पालक मुलांसाठी नाट्यगीते आणि अभंग पाच रेषांच्या स्टाफ नोटेशनमध्ये उतरवून इकडे पाठवतात, किंवा इकडून मागवतात. तिकडचा लेटर कागद 216 बाय 279 मिलिमीटर, आपला ए-4 हा 210 बाय 297. प्रिंटरवर ‘फिट टू पेज’ निवडलेले असते, पान थोडे आक्रसते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. एका पानाला त्याने फारसे बिघडत नाही. पण ए-4ची दोन पाने ए-4च्याच कागदावर शेजारीशेजारी छापली की स्वर सत्तर टक्क्यांवर येतात, आणि स्टँडवरून हातभर अंतरावर वाचणाऱ्या व्हायोलिनवादकाचे डोळे दुखू लागतात. वाद्यवृंदाच्या वादकांसाठी पाच रेषांची एकूण उंची सात ते साडेआठ मिलिमीटर ठेवतात. म्हणून पहिले पान ‘ॲक्च्युअल साइझ’वर छापून पट्टीने मोजावे.

त्या पाच रेषांतली एक कधी जाड आणि दुसरी बारीक का दिसते, याचेही गणित आहे. सात मिलिमीटर उंचीत दोन रेषांमधले अंतर पावणेदोन मिलिमीटर पडते. ब्राव्हुरा फॉन्टमध्ये रेषेची जाडी या अंतराच्या 0.13 पट सुचवलेली आहे, म्हणजे सुमारे 0.23 मिलिमीटर. इंचाला 300 ठिपके टाकणाऱ्या प्रिंटरचा एक ठिपका 0.085 मिलिमीटरचा असतो. रेषेला पावणेतीन ठिपके हवेत. पाऊण ठिपका टाकता येत नाही. त्यामुळे एखादी रेष दोन ठिपक्यांची, शेजारची तीनची. 600वर हा फरक निम्मा होतो, 1200वर डोळ्याला कळत नाही. कोमल स्वराखालच्या रेघेलाही हाच हिशेब लागू आहे. पडद्यावर रेषा असमान दिसल्या तर ॲक्रोबॅटमधला बारीक रेषा ठळक करण्याचा पर्याय आधी बंद करून पाहावा. दोष कागदावर असेलच असे नाही.

26 ऑगस्ट 2024 रोजी मेकम्युझिक कंपनीने ‘फिनाले’ थांबवत असल्याचे जाहीर केले. फिल फॅरँड यांनी लिहिलेला हा नोटेशनचा प्रोग्रॅम 1988 पासून बाजारात होता, आणि जगभरचे संगीतकार, प्रकाशक, शिक्षक यांची आयुष्यभराची कामे त्याच्या फाइलींमध्ये आहेत. वर्षभरानंतर नव्या संगणकावर तो सुरूच करता येणार नाही, असे आधी सांगितले गेले. वापरणाऱ्यांनी गदारोळ केल्यावर ती मुदत काढून टाकली. तरी पुढे विंडोज आणि मॅक बदलत जातील आणि फिनाले तिथेच राहील. ज्यांनी आपली कामे म्युझिकएक्सएमएलमध्येही काढून ठेवली होती, ते दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जाऊ शकले. मायकेल गुड यांनी घडवलेल्या या फाइलप्रकाराची पहिली आवृत्ती 2004ची. त्यात पानाचे रूप पूर्णपणे येत नाही. स्वर, सप्तक, मात्रा, बोल येतात.

स्वरलिपीलाही हेच हवे आहे. आधी अर्थ नोंदवायचा: निषाद, कोमल, मंद्र, एक मात्रा, बोल अमुक. चिन्ह नंतर. मग त्याच नोंदीतून भातखंडे पद्धतीचे पान काढता येईल, पलुस्कर पद्धतीचेही, आणि षड्ज काळी एक की पांढरी चार हे सांगितले की स्टाफवरचेही. यासाठी मोठा प्रोग्रॅम लागत नाही. साध्या तक्त्यात स्तंभ पाडले तरी सुरुवात होते. जुन्या पेजमेकर फाइली ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी तो जुना संगणक चालू आहे तोवर फॉन्ट समाविष्ट करून पीडीएफ काढाव्यात आणि एक प्रत 600 ठिपक्यांवर कागदावर छापून घ्यावी. क्रमिक पुस्तकांच्या शिशाच्या खिळ्यांनी छापलेल्या प्रती आजही वाचता येतात. नव्वदच्या दशकातल्या फ्लॉपीचे तसे नाही.

मुंबईच्या चित्रपटसंगीताची कागदपत्रेही याच रांगेत आहेत. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुले स्टाफ नोटेशन आणि व्हायोलिन शिकत. त्यांतले अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड मुंबईत आले. संगीतकाराने गाऊन दाखवलेली चाल त्यांनी वाद्यवृंदासाठी कागदावर उतरवली. ते सगळे हाताने लिहिलेले. त्यांतले जे उरले आहे ते आज संगणकावर चढवायचे तर लिहिणाऱ्याला स्टाफही यायला हवा आणि चालीतली मींड कुठे आहे तेही कळायला हवे, कारण स्टाफवरची कमान कधी मींड असते, कधी नुसता एका गजात वाजवायचा स्वरसमूह. पणजीच्या कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण एकाच संस्थेत चालते. मंद्र-कोमलच्या जोडचिन्हापासून मींडेच्या कमानीपर्यंत कोणत्या खुणेचा अर्थ कसा नोंदवायचा, याची पहिली यादी करायला दोन्ही लिप्या वाचणारी माणसे तिथे एकत्र बसू शकतात.