चारशे पाठ होईपर्यंत

पंढरीच्या वारीत निमगाव केतकीच्या मुक्कामी राहुट्या उभ्या राहिल्या की दिंडीतल्या नव्या पोरांचं काम सुरू होतं. दिवसभर चाललेली माणसं सतरंजीवर आडवी होतात आणि ही पोरं हंडे-कळश्या घेऊन टँकरकडे पळतात. ट्रकातून वळकट्या उतरवायच्या, ज्याची त्याला शोधून द्यायची, म्हाताऱ्यांना प्यायला पाणी द्यायचं, मग पंगतीला पत्रावळ्या मांडायच्या. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरलेले वारकरी जेवून उठल्यावर वाढप्यांची पंगत बसते. नवीन पोरगा त्यातही शेवटी.

यातला एक अठरा वर्षांचा, बीड जिल्ह्यातला. अक्षय तृतीयेनंतर तो देहूतल्या एका वारकरी संस्थेत दाखल झाला. दीड-दोन महिन्यांतच गुरुजींनी त्याला तुकोबांच्या पालखीसोबत धाडलं. गळ्यात नवी तुळशीची माळ, कपाळावर गोपीचंदन आणि बुक्का, आणि हातात त्याच्या मनगटांना अजून न पेलणारे टाळ. टाळाची दोरी बोटांना गुंडाळून दिवसभर वाजवायची म्हणजे कातडी सोलवटते. त्याच्या उजव्या तर्जनीला चिंधी बांधलेली होती. दुखतं का विचारलं तर तो फक्त हसला.

दिंडीचे विणेकरी सत्तरीतले. सगळे त्यांना बाबा म्हणतात. नव्या पोरांसाठी त्यांचा एकच नियम आहे आणि तो ते दिवसातून दोनदा तरी ऐकवतात: “चारशे पाठ झाल्याशिवाय बोलायला उभं राहायचं नाही.” चारशे म्हणजे चारशे अभंग, चालीसकट. तुकोबांच्या गाथ्यात साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. ते पाहता चारशे थोडे वाटतील, पण पाठ करायला बसलेल्याला विचारावं. या पोराचे एकशे दहा झाले होते.

चारशेच का, याचं उत्तर रात्रीच्या कीर्तनात मिळतं. वारकरी कीर्तनात महाराज एकटे नसतात. त्यांच्या मागे टाळकऱ्यांची रांग असते, बाजूला मृदंगी. महाराज निरूपणाच्या ओघात एखाद्या अभंगाचे पहिले दोन शब्द उच्चारतात आणि पुढचं सगळं मागच्यांनी उचलायचं असतं, तेही लगेच, त्याच सुरात, योग्य चालीत. त्या क्षणी आठवलं नाही तर कीर्तन तिथेच अडतं. म्हणजे मागे उभं राहणाऱ्याला पुढच्याइतकंच पाठ लागतं, फक्त ते दाखवायची सोय नसते. निमगावच्या मंडपात हा पोरगा दुसऱ्या रांगेत, कडेला उभा होता. दोनदा त्याचे ओठ वेळेवर हलले. एरवी तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत टाळ सांभाळत होता. ठेका मात्र चुकला नाही.

त्याच्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्याआधी, बेलवाडीत. रिंगण झालं होतं. पताकावाले धावले, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया धावल्या, टाळकरी, विणेकरी आणि मग अश्व. गर्दी अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावली. हा बाजूला धापा टाकत उभा होता. तेवढ्यात पन्नाशीची एक बाई आली, “माउली” म्हणाली आणि वाकून त्याच्या पायांवर डोकं टेकवू लागली. पोरगा दचकून दोन पावलं मागे सरकला. टाळ हातातून सुटले. बाई तशीच वाकलेली राहिली. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने गुडघे टेकले आणि तिच्या पायांना कपाळ लावलं. बाई पुढच्याकडे वळली. वारीत हे क्षणाक्षणाला घडतं, लहान-मोठा, जात-पात न बघता घडतं. जुन्या वारकऱ्याला त्याचं काही वाटत नाही. याला वाटलं, आणि त्याचं कारण दुसऱ्या दिवशी कळलं.

“आमी हितंच होतो तोडीला,” तो म्हणाला. त्याचे आई-वडील ऊसतोड कामगार. दसऱ्यानंतर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन बीडहून निघायचं आणि हंगाम संपेपर्यंत कारखान्याच्या हद्दीत कोपी, म्हणजे झोपडी, करून राहायचं, हे त्याने पाळण्यात असल्यापासून पाहिलेलं. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या ऊसपट्ट्यात, सणसरच्या बाजूला, त्यांनी काही हंगाम काढले. नीरा डाव्या कालव्याची एक चारी त्याने चालता चालता ओळखली. कोपी तिच्या पलीकडे होती. पाण्याला वस्तीवर जावं लागे आणि सगळ्याच घरांतून हंडा भरू देत असं नव्हतं. कुठल्या दारी काय बोलणी खाल्ली हे त्याने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. ज्या शिवारात चिपाडासारखं बाजूला सारलं गेलं, त्याच शिवारातली बाई आता पायांवर वाकते. कुणाचंही डोकं फिरावं असं हे आहे. अठराव्या वर्षी तर नक्कीच.

बाबांना ही गोष्ट बरोबर ठाऊक आहे. नव्या पोरांना सुरुवातीच्या दिवसांत ते काय शिकवतात, तर पाया कसं पडायचं. समोरचा वाकायच्या आत आपण वाकायचं. उशीर झाला तर त्याच्यानंतर वाकायचं, पण चुकवायचं नाही. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हा देणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांच्या पाया पडतात, आणि ती जमिनीला टेकवत नाहीत. पहिले काही दिवस या पोराला वीणा धरायलाही दिली नव्हती. निमगावात पहाटेच्या काकड्याला बाबांनी ती त्याच्या गळ्यात घातली, अगदी थोडा वेळ. तो तेवढा वेळ जवळजवळ हललाच नाही.

घर सोडून कोवळ्या वयात देवाच्या कामाला लागायची रीत जगात इतरत्रही आहे. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाचे मुलगे २०१२ पासून अठराव्या वर्षी प्रचाराला निघू शकतात. दोन वर्षं परक्या शहरात, पांढरा सदरा, छातीवर नावाची काळी पट्टी, कायम जोडीने, आणि सुरुवातीचे आठवडे अनुभवी जोडीदाराच्या हाताखाली. खर्च बहुतेक घरचाच. त्या मुलांचंही घर तुटतं, भाषा परकी असते, दारं बंद होतात. त्यांच्या धाडसाला कमी लेखायचं कारण नाही. पण त्यांना पहिल्या आठवड्यापासून बोलावं लागतं, अनोळखी माणसाला पटवावं लागतं. इथे पहिल्या आठवड्यापासून गप्प बसवतात. कोवळ्या पोराच्या हिताचं कोणतं, असं विचाराल तर या लेखाचा कौल बाबांच्या बाजूने आहे.

त्याला कारण आहे. गावोगावच्या हरिनाम सप्ताहांना कीर्तनकार लागतात आणि मानधन आधी ठरतं. मोबाइलवर गाजलेल्या तरुण महाराजांच्या तारखा मिळत नाहीत. वर्षभर शिकलेली पोरं फेटा बांधून उभी राहतात. पाठांतर उथळ, विनोद भरपूर, सासू-सुनांची चेष्टा हुकमी. लोक हसतात, पाकीट मिळतं. जिथे कीर्तन करावं तिथलं अन्नही घेऊ नये, हारही घालून घेऊ नये, इतका कडक दंडक तुकोबांनी घालून दिला होता. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली तेव्हा चार वर्षांचा अभ्यास ठेवला आणि विद्यार्थ्यांनी माधुकरी मागून जेवावं ही रीत ठेवली. दारोदार झोळी घेऊन जाणाऱ्याला आपण कोण आहोत याचा विसर पडत नाही. ही शिस्त आज जिथे जिथे सैल झाली आहे, तिथे नुकसान श्रोत्यांचं कमी आणि त्या पोरांचं जास्त झालं आहे.

निमगाव केतकी पानमळ्यांचं गाव. खाऊच्या पानांचा इथे मोठा व्यापार. पालखी आली की गावच यजमान होतं. कुणी पिठलं-भाकरी घेऊन येतं, कुणी पायांना तेल लावायला बसतं. संध्याकाळी एक पानमळेवाले दिंडीत आले. त्यांनी या पोराला हरिपाठात पाहिलं होतं. हरिपाठाचे २७ अभंग त्याला तोंडपाठ आहेत, तिथे त्याचा आवाज मोकळा सुटतो. आणि आवाज खरोखर चांगला आहे, उसाच्या फडातून हाक मारून कमावलेला. श्रावणात वस्तीवर छोटा सप्ताह आहे, एक दिवस या महाराजांना पाठवा, मानाचं जे असेल ते देऊ, असं त्यांनी बाबांना हात जोडून सांगितलं. पोरगा पाणी वाढत होता. हंडा तसाच धरून थांबला.

“टाळ वाजवायला पाठवतो,” बाबा म्हणाले. “बोलायला नाही. चारशे व्हायचेत अजून.”

पाहुण्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. पोराच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी उमटून गेलं, आणि ते साधं नव्हतं. रात्री त्याने ते बोलून दाखवलं. वडील इंदापूरच्या मुक्कामी भेटायला यायचे आहेत, दर्शनाला आणि दुसऱ्या कामालाही. आईची कंबर गेल्या हंगामात धरली. कोयता जोडीचा असतो, म्हणजे तोडीला दोघं लागतात; एकट्या माणसाला मुकादम उचल देत नाही. वडिलांना वाटतं, दसऱ्याला पोराने परत यावं, वर्ष-दोन वर्षं तोड करावी, भजन काय सुटत नाही. एका कीर्तनाचं पाकीट घरी पाठवता आलं असतं तर बोलणं वेगळं झालं असतं, हे त्याला कळतं. बाबांनाही कळतं.

“मी बोलतो तुझ्या वडलांशी,” बाबांनी अंथरुणावरूनच सांगितलं. संस्थेत जेवणाखाण्याचा खर्च नाही हे ते सांगणार होते. आणि दिंडीतले दोघे-तिघे मिळून आईच्या औषधाचं बघतील, हेही. उचलीचं काय करायचं, यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. पोराने वही उघडली, बॅटरीच्या उजेडात एकशे अकरावा अभंग काढला आणि पहिलं चरण पुटपुटायला लागला.